कोरं कार्ड

ती हॉस्पिटलची वेबसाइट म्हणजे घरातली अडगळीची खोली होती. जो आला त्याने आपलं सामान आत ढकललं आणि दार लावून घेतलं. पानं एकशे बारा. पहिल्यावर अध्यक्षांचा हसरा फोटो, आणि तातडीच्या विभागाचं दार कुठल्या बाजूला, ते मात्र सातव्या क्लिकला. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा टॅक्सीत बसून मोबाइलवर मांडणीवालीने ते दार अकरा मिनिटं शोधलं होतं. बाबा वाचले, पण थोडक्यात. पुन्हा वेळ आली तर अकरा मिनिटं मिळणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून वेबसाइट नव्याने लावायचं काम निघालं तेव्हा तिने ते मागून घेतलं. मांडणी हाच तिचा धंदा. ऑफिसात तिला मांडणीवालीच म्हणत.

पद्धत साधी. एकेका पानाचं नाव एकेका कार्डावर लिहायचं आणि जे वेबसाइट वापरणार त्यांनाच टेबलाशी बसवून गठ्ठे करायला लावायचे. सोबत एक कोरं कार्ड, काही राहून गेलं असेल तर लिहायला. तिचा एकच नियम होता आणि त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. वापरणाऱ्याने ठेवलेलं कार्ड आपण उचलायचं नाही.

चार जण आले, तासतासभर डोकं खाजवून गेले. पाचवी आली एक निवृत्त सिस्टर, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली. मांडणीवाली तिच्यासाठी पाणी आणायला गेली आणि परत येते तर काम संपलेलं. टेबलावर चार गठ्ठे.

"हे आत्ता लागणारं," सिस्टर बोट ठेवत म्हणाली. "हे आज. हे थांबलं तर चालेल. आणि हे घरी गेल्यावर."

बस्स, एवढंच. विभाग नाहीत, पदव्या नाहीत. मांडणीवालीने एकेक गठ्ठा चाळला. एकही कार्ड चुकीच्या जागी नव्हतं. वीस वर्षं या कामात घालवून जे तिला सुचलं नाही ते या बाईने बसल्या बसल्या केलं होतं. तिला खरंच भरून आलं.

मग तिच्या लक्षात आलं की वाचायला तिला प्रत्येक कार्ड उलटावं लागलं होतं. चारही गठ्ठ्यांतली कार्डं पालथी होती. घाईत ट्रेमध्ये ती तशी पालथी तिनेच ठेवली होती.

"सिस्टर, तुम्ही ती उलटून वाचलीत ना?"

"कशाला, बाळ? हाताला कळतं."

'आत्ता'च्या गठ्ठ्यात कोरं कार्डही होतं. तिने ते पुढे केलं. "यावर काही लिहायचं राहिलं का?"

सिस्टरने चष्मा पुसून तिच्याकडे पाहिलं. "लिहिलंय की."

"कोऱ्या कार्डाचं पान करायचं?" ऑफिसातला प्रोग्रॅमर म्हणाला. "ताई, त्यात घालू काय, माझं डोकं?"

"काही घालू नकोस. नियम म्हणजे नियम."

एकशे तेरावं पान झालं. पांढरं, रिकामं. फक्त प्रत्येक पानाखाली असतो तो प्रश्न त्याच्याही खाली होता. ही माहिती उपयोगी पडली का?

नवी वेबसाइट सुरू झाली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. तातडीचं दार आता नऊ सेकंदांत सापडायचं. डॉक्टरांनी मुद्दाम फोन करून कौतुक केलं. "श्रेय सगळं सिस्टरचं," ती ज्याला त्याला सांगत सुटली.

पंधरा दिवसांनी प्रोग्रॅमरने आकडे दाखवले. रिकामं पान दोनशे सहा जणांनी उघडलं होतं. प्रत्येक जण चार-पाच मिनिटं थांबला होता. आणि खालच्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे दोनशे सहा.

"चुकून दाबलं असेल," ती म्हणाली.

"दोनशे सहा जणांनी?"

त्या दिवशी तो एकही विनोद न करता घरी गेला. पान काढून टाकणं तिच्या हातात होतं. पण असा आकडा तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि लाज वाटावी इतका तिला त्याचा अभिमान वाटला. पान राहिलं.

रविवारी दुपारी तिने बाबांच्या हातात टॅबलेट दिला. "दार शोधा बघू."

बाबांनी 'आत्ता' दाबलं. दाराचं पान ओलांडून ते सरळ रिकाम्या पानावर गेले.

"ते नव्हे, बाबा. त्याच्या वरचं."

"थांब गं, वाचू दे."

त्यांचे डोळे ओळीवरून फिरावेत तसे फिरत होते. ओठ हलत होते. मध्येच ते हसले. तिने खांद्यावरून वाकून पाहिलं. पांढरं पान.

त्यांनी 'हो' दाबलं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "दार कुठलं ते आता कळलं. या खेपेला शोधायला नको."

"कुठलं दार, बाबा?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं.

"घाई नाही म्हणतात. चहा घेऊन निघालं तरी चालेल."

तिने चहा ठेवला नाही. घड्याळ मुठीत आवळून ती तिथेच बसून राहिली. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

आत ओट्यावर पाणी उकळायला लागलं.