जन्मरेषेच्या आतली धूळ

बोरगोंदीच्या मँगनीज खदानीलगतच्या प्रयोगशाळेत फुलवंता कुमरे उभी होती; बसायला सांगूनही ती बसली नव्हती. दंतलेखमापक नावाच्या यंत्राने तिच्या सात वर्षांच्या झरनाच्या पडलेल्या दुधाच्या दातात खदानीची धूळ दाखवली होती. मुलाला खदानीत राबवले असे ठरले की मूल घरी ठेवायचे नाही, हा नियम. झरना आता जिल्ह्याच्या बालगृहात होती.

हा नियम गावाला पटवून दिला होता तो फुलवंतानेच. पडलेला दात कौलांवर फेकायचा आणि उंदराकडे नवा मागायचा, ही गावाची रीत. आयाबायांच्या सभा घेऊन तिने ती मोडली होती आणि पडलेले दात तपासणीसाठी प्रयोगशाळेत आणायला लावले होते. ठेकेदार खोटे बोलेल, आईबाप भीतीने खोटे बोलतील, दात खोटे बोलणार नाही, असे ती सांगत असे.

“माही पोरगी खदानीत उतरली नाही जी,” ती म्हणाली. “तिच्या चपलीले ती काळी माती लागू देत नाही मी.”

“सगळ्याच आया असं म्हणतात,” यंत्राचे जनक डॉ. केळुसकर म्हणाले.

“सभेत मीबी हेच सांगत होती, साहेब.”

त्यांच्या सहकारी डॉ. तांबोळी दाताचा छेद पडद्यावर न्याहाळत होत्या. “सर, दात झाडाच्या खोडासारखा थराथरांनी वाढतो. श्वासातली धूळ रक्तात जाते, आणि रक्तातून त्या वेळी घडणाऱ्या थरात. बरोबर?”

“मलाच शिकवताय?”

“मग ही गडद रेघ?”

“जन्मरेषा. जन्माचा ताण दातावर उमटतो. तिच्या आतले थर गर्भातले. यंत्र ते वेगळे काढत नाही, सगळ्या दाताची बेरीज करतं. गर्भ काही टोपली घेऊन खदानीत उतरत नाही, बाई!”

“धूळ सगळी रेषेच्या आत आहे, सर. बाहेरचे थर स्वच्छ आहेत.”

केळुसकर पडद्यावर वाकले आणि एकेक थर पुन्हा तपासू लागले.

“झरनाला आजच घरी आणू,” ते अखेर म्हणाले. “चूक माझी आहे.”

फुलवंता खाली बसली.

“गरोदर असताना तुम्ही खदानीत होतात?” तांबोळींनी हळूच विचारले.

“कळा येईस्तोवर.”

“आज वय काय तुमचं?”

“बावीस.”

म्हणजे झरनाच्या जन्माच्या वेळी ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. दातात खदानीत राबलेल्या एका मुलाची खूण होती, हे यंत्राने अचूक ओळखले होते. मात्र ते मूल आता त्यांच्यासमोर बसले होते.

“बालगृहातल्या बाकीच्या पोरायचे दात पाहा जी,” फुलवंता म्हणाली.

केळुसकरांनी एकेक छेद पडद्यावर आणला. काहींत धूळ रेषेबाहेर होती. पण पुष्कळांत ती आतच थांबलेली होती.

“हा कोणाचा?” अशाच एका दातापाशी फुलवंताने विचारले.

“सुगंधा टेकामच्या मुलाचा.”

“पोरगा खदानीत गेला नाही म्हणून तिनं भर सभेत माहे पाय धरले होते. मी तिले लबाड म्हटलं.” फुलवंता त्या दाताकडे पाहत म्हणाली. “आन् तवा सुगंधा पोट वाढलेलं घेऊन माह्याच बाजूले टोपली उचलत होती जी. मी डोळ्यानं पाहिलं होतं.”