टिटवीला सवय आहे

जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि हेमलताबाई विमान उतरवायला बसल्या.

विमान म्हणजे जेवणाच्याच टेबलावर मांडलेला एक रुंद पडदा, एक दांडा, पायाशी दोन पट्ट्या आणि कानाला हेडफोन. अमरावतीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले चार महिने रोज दुपारी दीड ते तीन हवाई वाहतूक चालू असे, आणि त्या वेळात दार वाजलं तर ते नवऱ्यानं, अरविंदरावांनी, उघडायचं, असा घरचा कायदा होता. बाई बत्तीस वर्षं एका मोठ्या विमानतळावर नियंत्रक होत्या. उतरायला आलेल्या विमानांची रांग लावायची, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला वर घिरट्या घालायला लावायच्या ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात. बाई त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या होत्या.

रांग लावायला आता ‘अंबर’ होता. अंबर म्हणजे कृत्रिम नियंत्रक. देशभरातल्या नियंत्रण कक्षांची चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणं आणि रडारच्या नोंदी पचवून तो हे काम शिकला होता. या घरगुती खेळातून हजारो हौशी लोक त्याच्याशी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत बोलत होते आणि त्यांच्यावर त्याचा हात बसत चालला होता. दिवाळीनंतर त्याला एका खऱ्या विमानतळावर बसवायचं घाटत होतं. त्याआधी सात निवृत्त नियंत्रकांनी त्याच्या हुकमाखाली उडून बघायचं आणि ‘हा सर्वांना समान वागवतो’ अशा मजकुराखाली सही करायची होती. त्या सातांपैकी एक हेमलताबाई. कागद फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला होता आणि शनिवारी शर्वरी तो न्यायला येणार होती. शर्वरी एकेकाळची त्यांची शिकाऊ नियंत्रक. वर्षभरात ते काम सोडून ती संगणकाकडे वळली आणि आता अंबरची मुख्य अभियंता होती.

सही द्यायला बाईंची काहीच हरकत नव्हती. समान वागवणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? निरोपाच्या समारंभात त्यांनी भाषण म्हणून एवढंच सांगितलं होतं, “माझ्या पडद्यावर कुणी मोठं नव्हतं, कुणी लहान नव्हतं. नुसते ठिपके होते.” टाळ्या थांबेनात. सहकाऱ्यांनी ते वाक्य चौकटीत घालून भेट दिलं आणि ते दिवाणखान्यात लटकलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी अरविंदराव तिकडे बोट दाखवून म्हणत, “आम्हीपण ठिपकाच बाप्पा!”

“राजहंस पाच-शून्य-दोन, उतरायला परवानगी आहे,” अंबर हेडफोनमध्ये म्हणाला. बाईंनी विमान अलगद टेकवलं.

“हे राजहंस काय आहे गं?” अरविंदराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. “लग्नाच्या हॉलसारखं नाव!”

“मोठी विमान कंपनी होती. रेडिओवर विमानाला ज्या नावानं हाक मारतात ना, ते हे. हाकनाव. खेळात आधीपासून हेच भरलेलं येतं.”

“मग बदल की. का बदलता येत नाही?”

येत होतं. कंपनीचं नाव, आकडा आणि उच्चार कसा करायचा, असे तीन रकाने होते. चार महिन्यांत बाई तिकडे फिरकल्याच नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि हसून लिहिलं, ‘टिटवी ३१’.

टिटवी ही जेमतेम तीन विमानांची मालवाहू कंपनी होती. टपाल, औषधं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एकदा तर कोंबडीची दोन हजार पिल्लं तिनं आणली होती. एकतीस नंबरची फेरी कॅप्टन याकोब साळवे करायचे. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळख ती आवाजाची. बाकीचे वैमानिक घाईत, वैतागलेले असत. साळव्यांचा आवाज कसा उन्हाळ्यातल्या माठासारखा होता. बत्तीस वर्षांत आवडता वैमानिक कोण, असं कुणी विचारलं असतं तर बाईंनी त्यांचंच नाव घेतलं असतं.

त्यांनी तीच फेरी पुन्हा सुरू केली. हवा तीच, इंधन तेवढंच, अंतरही तेच.

“टिटवी तीन-एक, दोन मिनिटं थांबा,” अंबर म्हणाला.

दोन मिनिटांची नऊ मिनिटं झाली. तेवढ्यात मागून आलेली दोन विमानं पुढं काढली गेली.

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. योगायोग असेल म्हणून त्यांनी पुन्हा केलं, मग पुन्हा. मग एक जुनी वही काढली. तीन दिवस दुपारची झोप, टीव्ही आणि अरविंदरावांचा चहा यांना रजा मिळाली. बेचाळीस उड्डाणं झाली. विमान एकच, बदलायचं फक्त हाकनाव. ‘सम्राट’ सरळ आत. ‘गजराज’ सरळ आत. ‘चिमणी’ला सात मिनिटं घिरट्या, ‘ठकूबाई’ला आठ. अरविंदरावांच्या आग्रहाखातर एकदा ‘झुणका’ उडवला, त्याला अकरा.

“नावावरून माणूस जोखतोय मेला!” बाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं होतं. यंत्र शेवटी यंत्रच. माणसाची सर येते थोडीच!

अंबरकडे ‘आधार’ नावाची एक सोय होती. कुठलाही निर्णय तो कशावरून शिकला, हे विचारलं की तो जुन्या नोंदी पुढं ठेवत असे. टिटवीची नऊ मिनिटं समोर धरून बाईंनी बटण दाबलं.

खरखर झाली आणि एक बाई इंग्रजीत बोलली. आवाज तरुण, धारदार, एक अक्षर इकडचं तिकडं न होणारा. टिटवी तीन-एक, थांबा, दोन मिनिटं. मग पुरुषाचा संथ आवाज आला. थांबतो, असं त्यानं नियमाप्रमाणे इंग्रजीत सांगितलं आणि वर मराठीत पुस्ती जोडली, “टिटवीला सवय आहे, मॅडम.”

हेमलताबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो तरुण आवाज त्यांचाच होता.

नोंद एक नव्हती. दोनशे बारा होत्या.

बाई काही लगेच शरण जाणाऱ्या नव्हत्या. मोठ्या विमानात पावणेदोनशे माणसं असतात, त्याचं इंधन भराभर जळतं, त्याला आधी घ्यावंच लागतं. त्यांनी अंबरला सांगितलं, अशी सगळी कारणं असलेल्या नोंदी वगळ. त्यानं वगळल्या. वादळाच्या, आजारी प्रवाशांच्या, मंत्र्यांच्या, सगळ्या. तरी एकसष्ट उरल्या. त्या एकसष्ट वेळा टिटवी रांगेत पुढं होती आणि तिला बाजूला घेण्याचं काहीही कारण नव्हतं.

कारण होतं. अंबरला ते माहीत नव्हतं, बाईंना माहीत होतं, आणि त्या संध्याकाळी वरण फोडणीला टाकताना त्यांना ते अगदी लख्ख आठवलं. राजहंसच्या कॅप्टनला तीन मिनिटं थांबवलं की दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तक्रार यायची आणि लेखी खुलासा द्यावा लागायचा. साळव्यांची तक्रार कधीच आली नाही. रांगेत जागा करायची झाली की हात आपसूक टिटवीकडं जायचा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आणि आपण म्हणत राहिलो, गुणी माणूस, आवडता वैमानिक! बाईंना स्वतःची लाज वाटली. मोहरी करपली तेव्हा अरविंदराव आत आले, पण चौकटीकडं बोट न दाखवता त्यांनी नुसता गॅस बंद केला.

शनिवारी शर्वरी आली. वही तिनं उभ्याउभ्याच वाचली आणि मग खुर्ची ओढून बसली.

“मॅडम, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. सगळे आपलं हौसेनं ‘वाघ’ आणि ‘बादशहा’ लावून उडत होते. झुणका कोण लावणार?” ती म्हणाली. “पण उपाय सोपा आहे. रांग लावताना अंबरला हाकनाव दिसूच द्यायचं नाही. नुसता ठिपका.”

ठिपका म्हटल्यावर बाईंनी मान खाली घातली.

शर्वरीनं तिथंच बसून बदल केला. बाईंनी ‘टिटवी ३१’ लावून उड्डाण केलं, अंबरशी बोलल्या आणि सरळ आत आल्या. ‘झुणका’ही आला. शर्वरीचा चेहरा खुलला. बाईंचा खुलला नाही.

“अहो, जरा या इकडं,” त्यांनी नवऱ्याला हाक मारली. “विमान मी धरते. तुम्ही फक्त त्याच्याशी बोला.”

अरविंदरावांनी घसा खाकरला. “हॅलो... म्हणजे आम्ही आलोय. उतरलं तर चालेल का? घाई नाही तशी, तुमच्या सोयीनं...”

“दोन मिनिटं थांबा,” अंबर म्हणाला.

दहा मिनिटं झाली. शर्वरीनं पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा दहा. तिसऱ्यांदा तेच विमान घेऊन बाई आपल्या जुन्या कक्षातल्या आवाजात कडाडल्या, आणि अंबरनं त्यांना तत्काळ आत घेतलं.

“नावाचं त्याला काही नाहीच,” बाई हळूच म्हणाल्या. “मुकाट्यानं थांबेल कोण, तेवढं तो हुडकतो. नाव झाकलंस तर आवाजावरून हुडकेल. आवाज झाकलास तर आणखी कशावरून. मी त्याला नीट शिकवलंय.”

“तुम्ही एकट्यांनी नाही, मॅडम. चाळीस वर्षांतल्या सगळ्यांनी शिकवलंय.” शर्वरीनं फ्रिजकडं पाहिलं. “मग सही करू नका. अंबर येणार नाही. पण आज नियंत्रकाच्या खुर्चीत कोण बसलंय? तुम्ही शिकवलेली माणसंच ना? अंबरला बटण दाबून विचारता तरी येतं. तुम्हाला बत्तीस वर्षांत कुणी विचारलं?”

कुणीही नाही. बाई उठल्या, कागद काढला आणि सहीच्या जागेवर लिहायला लागल्या. एकच अट त्यांनी घातली. ज्याला थांबवलं, त्याच्यासमोर ‘मला का?’ असं बटण हवं, आणि ते दाबल्यावर अंबरनं तिथल्या तिथं कारण सांगितलं पाहिजे. नसेल तर त्याला आधी उतरवलं पाहिजे. हे होईपर्यंत सही नाही.

“दिवसभर लोक तेच दाबत बसतील.”

“बसू देत.”

शर्वरीनं कागद वाचला, घडी केली, पिशवीत ठेवला. चप्पल घालता घालता ती थबकली. “मॅडम, राजहंसवाले दाबतीलच हो. पण ज्याला सवय आहे, तो दाबेल का?”

ती गेली. बाईंनी दार लावलं आणि फोन हातात घेतला.

साळव्यांचा नंबर मिळायला चार दिवस लागले. कॅप्टन आता मिरजेला होते, एकटेच. बुधवारी सकाळी बाईंनी फोन लावला आणि नाव सांगायच्या आधीच पलीकडून तोच संथ आवाज आला, जरा घोगरा झालेला. “कंट्रोल मॅडम! आवाज ओळखला मी.”

ठरवलेलं भाषण बाई विसरल्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं, अंबर, वही, त्या एकसष्ट नोंदी. कारण नसताना मी थांबवत होते तुम्हाला, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“वरून रांग दिसते, मॅडम.”

“कॅप्टन, तेव्हा ‘मला का?’ असं विचारायचं बटण असतं, तर तुम्ही दाबलं असतं?”

पलीकडे काहीतरी खणखणलं. “गॅसवर दूध ठेवलंय हो, वर येतंय,” कॅप्टन म्हणाले. “दोन मिनिटं थांबता का?”

“थांबते,” हेमलताबाई म्हणाल्या.

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. अरविंदरावांनी खुणेनं विचारलं, काय झालं? बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली, मग पाच झाली. मिरजेच्या त्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, घाई नसलेल्या माणसाचा. ते विसरले असतील का? की मुद्दामच थांबवलंय? आणि मुद्दाम असेल, तर विचारायचा हक्क आपल्याला आहे का?

नववं मिनिट लागलं. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि त्या थांबून राहिल्या.