एकेचाळिसावी बादली

दिवा मोठा करू नकोस गं गुंजन, असू दे तेवढाच. आणि अद्वय, मोबाइल पालथा ठेव. मध्येच "काका, सायंटिफिकली..." म्हणालास तर मी सरळ उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यासोबत घडली तो शैलेंद्र इथेच, ल्यूकनच्या ह्याच घरात, तू बसलायस त्याच खुर्चीवर बसून मला सांगून गेलाय.

शैलेंद्र आपला नागपूरचा. बारा वर्षं काझीरंग्यात गेंडे राखले, मग सातासमुद्रापार इकडे, किलकेनीच्या पलीकडे एका खासगी प्राणी-उद्यानात गेंड्यांचा प्रमुख राखणदार म्हणून आला तो आलाच. नऊ वर्षांत एकदाही परत गेला नाही. आई गेली, आता जायचं कोणाकडे, म्हणायचा. लग्न नाही, शेजार नाही. संध्याकाळी सहाला माणसं घरी गेली की बोलायला दोनच जीव, भीम आणि जोनाकी. दोघं गेंडे जर्मनीतल्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले, आसाम कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. तरी हा गृहस्थ रोज रात्री भीमाच्या गजांशी स्टूल टाकून मराठीत सांगत बसायचा, "तिकडचं एकरा गवत तू पाहिलंच नाहीस रे. अख्खा हत्ती बुडतो त्यात. एकदा बघायला हवंस." हसू नका. एकटा माणूस भिंतीशीही बोलतो.

आता एक लक्षात ठेवा. गेंडा लीद टाकतो ती ठरलेल्या जागीच. दुसरा येतो, हुंगतो, आणि त्याला कळतं कोण येऊन गेलं, बरा आहे की नाही. त्यांचं वर्तमानपत्रच ते. ह्या दोघांची जागा मधल्या फाटकाशी होती, हा इकडून, ती तिकडून. नोव्हेंबरच्या शेवटी भीम मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. तो जाणार हे शैलेंद्रला आधीच कळलं होतं, म्हणून त्यानं लीद बादल्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवली होती. चाळीस बादल्या. रोज रात्री एक फाटकाशी. जोनाकी यायची, हुंगायची, मगच चाऱ्याला तोंड लावायची. तिथली मंडळी हसायची, "युवर मॅन अँड हिज बकेट", म्हणजे हा बाबा आणि त्याची बादली, म्हणून. हसेनात का! जनावर जगत होतं.

पण चाळीस रात्री जायला कितीसा वेळ लागतो? बादल्या संपल्या आणि जोनाकीनं खाणं सोडलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मेव्ह म्हणून तिथली जनावरांची डॉक्टर, भली बाई. तिनं सांगितलं, "उद्या आठला येते. तोवर खाल्लं नाही तर तिचे हाल नकोत आता." म्हणजे शेवटचं इंजेक्शन.

ती रात्र चौदा जानेवारीची, मंगळवारची. आपली संक्रांत. त्याला सकाळपासून कुणाचा फोन नव्हता, माझासुद्धा नव्हता, आणि ते मला अजून लागतं. पावणेदोनला तो उठला. शेवटची बादली कोमट पाण्यानं विसळली, निदान वास तरी लागेल म्हणून, आणि ते पाणी घेऊन शेडकडे निघाला. गवतावर दंव गोठलेलं.

जोनाकी आडवी पडलेली. त्यानं पाणी फाटकाशी ओतलं. ती हलली नाही.

"ऊठ गं बाई," तो म्हणाला. "तूपण गेलीस तर मी बोलू कोणाशी?" आणि रडला. चांगला पन्नाशीचा माणूस, ढसाढसा रडला.

तेव्हा तिचा कान वळला.

भीमाच्या खोलीकडे. रिकामी होती ती. दीड महिना कुलूप. औषध मारून धुतलेली. किल्ली ह्याच्या कमरेला.

तिकडून श्वास आला. जाड... ओला...

काय? नाही गं गुंजन, वारा नव्हता.

जोनाकी उठली. आपण होऊन.

ठण्ण.

भीम तिसऱ्या गजावर शिंग आपटायचा. तसाच आवाज. पुन्हा... ठण्ण.

टॉर्च हातात होता. त्यानं लावला नाही.

"भीमा...?"

श्वास थांबला.

किती वेळ... त्याला सांगता आलं नाही. मग चारा चावल्याचा आवाज आला. जोनाकी खात होती.

उजाडेपर्यंत तो त्या स्टुलावरच बसून होता. आठला मेव्ह आली, रिकामी गव्हाण पाहिली, "शी इज ग्रँड!", ठणठणीत आहे ही, म्हणत तिनं त्याला मिठीच मारली. मग तिची नजर फाटकापलीकडे गेली. "दुसरा गेंडा आणलास? आणि मला सांगितलं नाहीस?"

कुलूप शैलेंद्रनंच काढलं. धुतलेल्या फरशीवर, नेहमीच्या जागी, ताजी लीद. थंडीत वाफा निघत होत्या. बरोबर बादलीभर.

त्यानं ती हातानं उकरली. आत वीतभर हिरवी कांडी होती, न चावलेली. बारा वर्षं ज्या गवतानं त्याचे हात कापले ते तो डोळे मिटूनही ओळखेल. एकरा. ते इथं कुठंही उगवत नाही.

जोनाकी अजून आहे, जाऊन बघा हवं तर. लीद तिच्यासाठी, ते समजलं. पण तिनं जन्मात एकरा पाहिलेलं नाही. मग कांडी कोणासाठी होती? शैलेंद्रनं त्याच आठवड्यात गुवाहाटीचं तिकीट काढलं, महिनाभर राहून आला. जाताना कांडी माझ्याकडे ठेवून गेला.

त्या वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात आहे, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. काढ, अद्वय. झाकण उघडू नकोस, नुसती दिव्यापाशी धर. वर्ष उलटून गेलं...

बघ. अजून हिरवी आहे.