रेशमातला घाम

नाचाच्या जुन्या पोशाखावरचे घामाचे डाग आम्ही काढत नाही. धुवायला गेलं की रंग फुटतो, रेशीम फाटतं. त्याच काळातल्या श्रीमंत बायकांचे झगे काखेपाशी स्वच्छ असतात. त्या आतून वेगळं वस्त्र घालायच्या आणि फारशा हलायच्याही नाहीत. नाचणारीचा कपडा मात्र भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो, आणि शेवटी तिथलं रेशीम पापडासारखं कडक होतं.

मी जुनी वस्त्रं दुरुस्त करते. द हेगमधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात माझी खोली आहे. २०२१च्या हिवाळ्यात संग्रहालय बंद होतं. उघडेल तेव्हा बॅलेचे पोशाख आणि त्यांनी बदललेली फॅशन असं प्रदर्शन लागणार होतं. तळघरात एका वेळी एकानेच काम करायचं, असा नियम होता. सकाळी ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनहून रिकाम्या गाडीने यायचं, मास्क लावून दिवसभर टाके घालायचे आणि संचारबंदीच्या आत घरी परतायचं.

माझ्याकडे आलेला पोशाख १९१२च्या सुमाराचा होता. देवदासीचा. म्हणजे पॅरिसमध्ये बसून, हिंदुस्थान न पाहता कुणीतरी कल्पिलेल्या देवदासीचा. केशरी रेशमाचा आखूड झगा, कडेला तार घालून दिव्याच्या शेडसारखा फुलवलेला, आणि खाली घोट्याशी आवळलेली सैल विजार. रंगमंचावर असलं काही दिसलं आणि हौशी बायकांनी कॉर्सेट टाकून तशाच विजारी शिवून घेतल्या. झग्याच्या आतल्या पट्टीवर नर्तकीचं नाव असायला हवं होतं. ते कुणीतरी कात्रीने कापून काढलं होतं.

घरी ऋजुता होती. माझी धाकटी बहीण. ॲमस्टरडॅममध्ये नाच शिकून तिथल्याच एका छोट्या कंपनीत लागलेली. पहिल्या लाटेत तिला कोविड झाला. तो बरा झाला, पण श्वास परत आला नाही. जिना चढून आली की ती शेवटच्या पायरीवरच बसून राहायची. आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, फोनवर सांगायचा, "रिपोर्ट्स चांगले आहेत, विश्रांती घ्या." इथे सगळ्यावर डॉक्टरांचं हेच औषध. कंपनीने तिची भूमिका दुसरीला दिली आणि तिला फुलं पाठवली. ती तिने पाण्यात घातली नाहीत.

"त्या मेलेल्या बाईचे कपडे तू दोन्ही हातांनी उचलतेस," एकदा जेवताना ती म्हणाली. "मी कशी आहे हे तुला माहीत तरी आहे का, ताई?"

"रोज विचारते, ऋजू."

"विचारतेस. उत्तर ऐकायला थांबत नाहीस."

उत्तर मला पाठ होतं.

फेब्रुवारीत बर्फ पडला त्या आठवड्यात पोशाखाच्या काखेतले डाग मऊ लागले. इतके दिवस कडक असलेलं तपकिरी रेशीम बोटाखाली वाकलं. मी खोलीतला दमटपणा तपासला. काटा जागच्या जागी होता. दुसऱ्या दिवशी काख ओली होती. मास्क खाली करून मी वास घेतला. इतक्या जुन्या कपड्याला धुळीचा वास येतो, फार तर गंजाचा. हा ताजा घाम होता, आणि त्यात तोंडाला लावायच्या पावडरीचा गोडसर वास मिसळलेला.

आमच्या विभागाची प्रमुख टिनेके घरून काम करायची. तिला मी व्हिडिओवर दाखवलं.

"छत गळतंय का?"

"नाही. आणि हे कोमट आहे."

"ऋता, तू फार दिवस एकटीने काम करते आहेस," असं म्हणून ती सुट्टीबद्दल बोलायला लागली.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावलेलं, आणि ऋजुता मधोमध गिरक्या घेत होती.

"ताई, दुपारपासून नाचतेय! दमच लागत नाही." तिने केस वर धरून मान पुढे केली. "आणि गंमत बघ, घामसुद्धा नाही."

मी हात लावला. मान कोरडी होती, फरशीसारखी गार.

मी आनंद झाल्यासारखं केलं. थोडा झालाही होता. रात्रभर मी कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळघरातून तिला व्हिडिओ कॉल केला. पोशाख पुतळ्यावर चढवलेला होता. फोन शेजारच्या टेबलावर उभा केला.

"नाच," मी म्हणाले.

"आत्ता? आज अचानक वेळ मिळाला तुला?"

"मला बघायचंय."

तिने टेबल सरकवल्याचा आवाज आला. मग पावलांचा.

झग्याचा केशरी रंग गडद झाला. आधी डाव्या काखेत. मग पाठीवर, वरून खाली.

फोनमध्ये ऋजुताने मनगटं दुमडली आणि मान तिरकी केली. आपल्याकडे असं कुणी नाचत नाही. हिंदुस्थान न पाहिलेलं कुणी नाचेल, तसं ते होतं.

"हे कुठे शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? येतं मला."

पुतळा हलला नव्हता.

छातीवरचं रेशीम वर येत होतं. खाली जात होतं.

"थांब," मी म्हणाले.

ती थांबली. रेशीम जरा वेळाने थांबलं.

"नाही आवडलं ना?" तिने विचारलं.

"खूप आवडलं," मी म्हणाले. काखेतली शिवण बोटभर उसवली होती.

कसर लागलेली वस्त्रं आम्ही मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवतो. कसर आणि अंडी, सगळं मरतं. पोशाख हातांवर घेऊन मी त्या फ्रीझरपाशी गेले, दार उघडलं. गार वाफ तोंडावर आली. टेबलावरचा फोन चालूच होता, आणि त्यातून ऋजुताचं गुणगुणणं ऐकू येत होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

पोशाख हातांवरच ठेवून मी दार लावलं.

मग रोज त्या रेशमाला आतून पातळ जाळीचं कापड लावत गेले. एक जागा सांधली की दुसरी विरायची. हा पोशाख मांडण्याच्या लायकीचा राहिला नाही, असं मी टिनेकेला कळवलं. तिने दुसरा निवडला. मी टाके घालतच राहिले.

एप्रिलमध्ये कंपनीने ऋजुताला परत बोलावलं.

"माझी मीच बरी झाले," ती म्हणाली. "कुणी काही केलं नाही माझ्यासाठी. तूसुद्धा नाही, ताई. राग नाही, नुसतं सांगतेय."

मी सुई टोचून सुजलेली बोटं टेबलाखाली घेतली.

पहिल्या तालमीला ती माझ्याबरोबर स्टेशनवर आली. त्या वर्षी एप्रिलमध्येही थंडी हटली नव्हती. प्लॅटफॉर्मवर मोजकी माणसं, मास्क हनुवटीवर ओढून कॉफी पिणारी. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्याही. ऋजुता भूमिकेबद्दल बोलत होती, मोठ्याने हसत होती, मध्ये थांबतच नव्हती. गाडी येईपर्यंत मी तिच्या तोंडासमोरच्या स्वच्छ हवेकडे बघत राहिले.