वायरी काढल्यानंतरचा ठोका

हृदयाचा कागद काढायचं काम तसं कंटाळवाणंच. झोपवा, छातीला वायरी लावा, बटण दाबा, कागद फाडा, पुढचा पेशंट. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत ती वीस वर्षं हेच करत होती, आणि सगळे तिला ठिपकेवाली म्हणत.

त्याचं असं होतं. काही जणांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज एकाच वाटेने गोल गोल धावत सुटते. डॉक्टर मांडीतून बारीक तार आत घालून ती वाट डागतात आणि माणूस बरा होतो. पण त्यातल्या कित्येकांना महिन्या-वर्षाने दुसरंच दुखणं गाठतं. ठोक्यांचा ताळतंत्र सुटतो, रक्ताची गुठळी होते आणि मेंदूत जाऊन अडकते. हे कुणाला होणार ते आधी कळलं, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवता येते. डॉक्टर वय बघत, कप्पा किती ताणलाय ते मोजत, तरी त्यांचा अंदाज चुके. हिचा कधी चुकला नाही. ज्याच्या कागदाच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने ठिपका देई, तो वर्षाच्या आत पुन्हा दारात हजर. शेवटी डॉक्टरांनी मोजमापं सोडली. ठिपका असला की गोळी चालू, नसला की बंद.

तिला ते कसं कळे, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? वायरी काढून झाल्यावर, त्या पलंगाच्या कडेला नुसत्या लोंबत असताना, मशीन एखाद्याच्या कागदावर आणखी एक ठोका काढी. एकच. खोलीत ओल्या राखेचा वास येई. पहिल्यांदा तिची बोबडी वळली होती. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही चढला.

तो उतरवला एका विधवेने. "माझा माणूस धडधाकट होता," ती दारात उभी राहून म्हणाली. "तुम्ही ठिपका दिलात आणि तो त्याला लागला."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं हिने मनाला समजावलं. पण ते वाक्य कुसळासारखं आत रुतून राहिलं.

आणि मग एका लख्ख दुपारी त्या पलंगावर तिचा धाकटा भाऊ येऊन झोपला. सुतार माणूस. वाट डागून त्याला तीन महिने झाले होते.

"ताई, ती गोळी बंद करायला सांग ना डॉक्टरांना. पटाशी जरा लागली तरी तासभर रक्त थांबत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, टेबल लाल रंगात कुणी मागितलं होतं?"

"गप पड. कागद हलतो."

कागद छान आला. तिने वायरी काढल्या. तो पाठ करून शर्टाची बटणं लावू लागला, आणि तो वास आला.

टिक्. एक ठोका. मग दुसरा... मग तिसरा. असं कधीच झालं नव्हतं.

"झालं ना, ताई?"

"झालं..."

"मग हे काय वाजतंय?"

तिने प्लग उपटला. घाईत कागद ओढला, तीन ठोके आणि पुढचा वीतभर कोरा भाग फाडून टेबलाच्या खणात सारला. पेन्सिल हातातच होती. तिला ती विधवा आठवली. आपण ठिपका दिलाच नाही तर लागेल कसा? तिने पेन्सिल खाली ठेवली.

"ठिपका नाही? सुटला गडी!" डॉक्टर म्हणाले. गोळी बंद झाली. भाऊ पोरासारखा हसला.

सतराव्या दिवशी तो रंधा मारता मारता कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

"गुठळी," वरच्या वॉर्डाबाहेर डॉक्टर हळूच म्हणाले. "गोळी चालू असती तर बहुधा टळलं असतं. पण तुमचा ठिपका नव्हता, म्हणून मी..."

भावजयीने तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही इथे आहात म्हणून धीर आहे, ताई. ह्यांचा सगळा भरवसा तुमच्यावरच."

तिला ते सोसवेना. ती जिना उतरून खोलीत आली आणि तिने खण उघडला.

तुकड्यावर आता तीन ठोके नव्हते. वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले कितीतरी होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यात आणखी एक उमटला. फाटक्या कडेपर्यंत दोन बोटं जागा उरली होती. मशीनमध्ये अख्खा रोल होता. त्याच्या वाट्याचा कागद तिनेच फाडून एवढासा केला होता.

तिने चिकटपट्टी शोधली, कडेला कोरा कागद जोडला. "इकडे ये रे," ती पुटपुटत होती, "इकडे जागा आहे... ये, धाकट्या..."

ठोके कडेपर्यंत आले. जोडलेला कागद कोराच राहिला.

भिंतीवरचा फोन वाजू लागला. तो उचलायला ती उठली, तेव्हा खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ओल्या राखेचा वास आला, आणि बंद ठेवलेल्या मशीनने तिच्या पाठीमागे टिक् केलं.