भिंगरीवरची काच

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाइल पालथे घाला. दिवा मात्र राहू दे. मी काचेचा व्यापारी. जन्मभर उजेडाच्या जिवावर पोट भरलं, मला अंधाराची हौस नाही.

गोष्ट माझी नाही, माझ्या एका गिऱ्हाइकाची आहे. तो फ्रेमा करतो, म्हणून सगळे त्याला फ्रेमवालाच म्हणतात, बायकोसुद्धा. या माणसाने आयुष्यात एकदाच थाप मारली, तीही बायकोला, आणि ती संध्याकाळच्या आत उघडी पडली. तेव्हापासून त्याने तो नाद सोडला. म्हणून त्याने मला जे सांगितलं ते जसंच्या तसं तुमच्यापुढे ठेवतो. पटलं तर घ्या, नाही तर इथेच सोडून जा.

हिवाळ्यात वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र येते ना, तो दिवस. शनिवार. मी दुकान आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात हा आला.

"शेठ, ती चमक न मारणारी काच दाखवा."

"कशाला? लग्नाचा फोटो असेल तर साधीच ने. थोडी चमक असलेली बरी, नवरा-नवरीचं बरंच झाकलं जातं."

तो हसला नाही. "मास्तरांसाठी हवी आहे. भिंगरीच्या चित्राला."

मग मीही हसलो नाही.

आपलं म्युझियम तुम्ही पाहिलेलं आहे. शाळेच्या सहलीत सगळे जातात आणि मोठेपणी कोणी फिरकत नाही. खाली दगडाच्या कुऱ्हाडी, फुटकी मडकी, आणि तो पेंढा भरलेला लांडगा. त्याचा एक डोळा पडला म्हणून कोणीतरी तिथे गोटी बसवली आहे. लाकडी जिन्याने वर गेलं की चित्रांचं दालन. गावच्याच लोकांनी काढलेली चित्रं. अगदी शेवटच्या भिंतीवर, खिडकीच्या समोर, भिंगरी.

भिंगरी म्हणजे चित्रकलेच्या मास्तरांची मुलगी. एका जागी दोन मिनिटं बसली तर आई कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना म्हणून. एका वर्षी खरंच ताप आला, आणि तो हटेना. तेव्हा मास्तरांनी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि चित्र काढायला घेतलं. औषधापेक्षा तेवढीच तिची करमणूक. ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "बाबा, झालं का?" आणि मास्तर म्हणायचे, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं." चित्र संपायच्या आधी पोरगी संपली.

तिचा एकही धड फोटो नाही. म्हणजे होते, पण सगळे हललेले. भिंगरी ना ती.

पुढे बायको गेली, घर विकलं, तेव्हा मास्तरांनी चित्र म्युझियमला दिलं. आणि दर रविवारी सकाळी, दार उघडताच, ते वर जाऊन समोरच्या बाकावर बसायचे. लोक देवळात जातात तसे. अलीकडे त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उन्हाळा लागेपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या. आणि त्या चित्रावरची काच जुनी, लाटा पडलेली. समोरच्या खिडकीचा उजेड तिच्यावर पडायचा आणि मास्तरांना पोरीऐवजी आपलंच पांढरं डोकं दिसायचं. फ्रेमवाला त्यांचा जुना विद्यार्थी, भिंगरीच्याच वर्गातला. त्याला ते म्हणाले, "अरे, मी दर रविवारी जातो आणि माझंच थोबाड बघून येतो. काहीतरी कर."

म्युझियमच्या बाईंनी परवानगी दिली, पण नियम सांगितला: चित्र इमारतीबाहेर जाणार नाही आणि काम म्युझियम बंद झाल्यावरच करायचं. रविवारी मास्तर यायच्या आत काच बदललेली हवी होती. म्हणून तो शनिवार.

राखणदाराने त्याला आत घेतलं, बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि स्टुलावर बैठक मारली. "काही लागलं तर हाक मार," तो म्हणाला. "पण लांडग्याने हाक मारली तर ओ देऊ नको. मला रोज मारतो तो हाक, मी लक्ष देत नाही."

फ्रेमवाल्याने वर टेबलावर घोंगडी अंथरली. चित्र उतरवून पालथं ठेवलं. दिवा जवळ ओढला. पक्कडीने मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक काढल्या, पाठीचा पुठ्ठा उचलला.

वास आला.

तेलरंगाचा. टर्पेंटाइनचा. कोंदट जुना वास नव्हे. ताजा. मास्तर वर्गात डबी उघडायचे तेव्हा यायचा तस्सा.

त्याने स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं बंद होतं, वास कोंडून राहिला असेल. मग कड चाचपताना त्याच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. उजेडात धरून पाहिलं. चित्रातल्या अंगाला लावतात तो रंग होता. ओला.

आता हे नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. फ्रेम करणाऱ्याचा पहिला नियम: काच आणि चित्र यांच्यामध्ये थोडी जागा सोडायची. कागदाच्या जाडीएवढी का होईना. नाही तर रंग काचेला धरतो आणि मग सुटत नाही. फ्रेमवाल्याने पातळ पातं आत सरकवायला बघितलं. ते शिरेना. कुठेच शिरेना. काच थेट भिंगरीच्या चेहऱ्यावर बसलेली होती आणि चेहरा तिला चिकटला होता.

त्याने हत्यार खाली ठेवलं.

काच काढावी तर चेहरा काचेबरोबर सोलून निघणार. न काढावी तर मास्तरांना पोरगी पुन्हा कधी दिसणार नाही. बिचारा तसाच उभा राहिला, दोन्ही तळवे चित्राच्या पाठीवर टेकून.

तेव्हा कोणीतरी विचारलं…

"झालं का?"

हळू. दमलेला आवाज. हजारदा विचारून झाल्यावर पुन्हा एकदा विचारावं तसा.

मागून नाही आला. दारातून नाही. तळव्यांखालून आला.

आवाज त्याच्या ओळखीचा होता. शाळेत ती त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. त्याचे केस आता पिकलेत. आवाज मात्र…



"…झालं का?"

त्याने हात काढून घेतले. पळाला नाही. मी नंतर विचारलं, का रे पळाला नाहीस? तर म्हणाला, "शेठ, ती काही मागत नव्हती हो. नुसती विचारत होती. पण उत्तर देणारा मी कोण?"

त्याने मास्तरांना फोन लावला. ते म्युझियमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

खाली राखणदार कुरकुरला. "आता कोणाला आत घेऊ? रात्री इथे फक्त पेंढा भरलेल्यांनाच परवानगी आहे." पण फ्रेमवाल्याचं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली काढली. मास्तर आले, स्वेटर उलटा घातलेला, हाताने भिंत चाचपत. दाराला पुन्हा कुलूप लागलं. राखणदार खालीच राहिला. म्हणाला, माझं काम दारापाशी.

वर आल्यावर फ्रेमवाल्याने त्यांना बाकावर बसवलं.

"मास्तर, ही काच कोणी बसवली होती?"

"मी. का रे?"

"मध्ये जागा नाही सोडलीत. तुम्ही? आम्हाला कानाला धरून शिकवणारे तुम्ही?"

मास्तरांनी बाकाची कड चाचपली. मग म्हणाले, "ती गेली त्या रात्री घर भरलं होतं. आत्या, माम्या, शेजारणी. येणारी प्रत्येक बाई चित्राच्या गालावर हात फिरवायची आणि रडायची. रंग ओला होता रे. गाल पुसट व्हायला लागला. मी खिडकीचं तावदान काढलं आणि वर दाबून बसवलं. ती ज्या खिडकीत बसायची तिचंच. रात्रभर त्या भोकातून गार वारा येत होता, आणि तिची आई म्हणत होती, पोरीला पांघरूण घाला…"

फ्रेमवाल्याने त्यांना काचेचं सांगितलं. काढली तर काय होईल, नाही काढली तर काय. मास्तर मान हलवत ऐकत होते.

"आणि एवढ्यासाठी मला रात्रीचं उठवलंस?"

"नाही."

"मग?"

फ्रेमवाला टेबलावरच्या चुका गोळा करायला लागला.

"बोल ना, गाढवा."

"…ती विचारते आहे, मास्तर."

"कोण?"

"झालं का, म्हणून विचारते आहे."

 मास्तर उठले. टेबलाशी आले. कडा धरून खाली गुडघ्यांवर बसले.

"मी तिला सांगितलंच नाही," ते म्हणाले. "चित्र पुरं झालं नव्हतं ना. मग लोक जमायच्या आत मी ते आठवणीने पुरं केलं. ती नसताना. कोणाला सांगणार होतो, झालं म्हणून?" मग अगदी हळू, "माझं ऐकायची नाही कधी. कधीच ऐकायची नाही रे. हेच नेमकं ऐकलं…"



फ्रेमवाला म्हणाला, "सांगू नका, मास्तर. सांगितलंत आणि ती… मग तुम्हाला काय उरेल? काच अशीच राहू दे. मी फ्रेम बंद करतो. थोडे महिने तरी…"

"माझे महिने," मास्तर म्हणाले. "आणि तिचे?"

त्यांनी चित्र स्वतःच्या हाताने सुलटं केलं. दिव्याखाली काच नुसती चकाकत होती. आत कोण आहे ते त्यांना दिसतही नव्हतं. त्यांनी काचेला तोंड लावलं.

"झालं गं बाळा," ते म्हणाले. "ऊठ. जा खेळायला."

काही नाही.

काहीच नाही…

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्या दालनात खुर्ची नव्हती. बाक, तोही भिंतीत पक्का केलेला.

मग पावलं. अनवाणी. आधी दबकी. दोन… तीन… जिन्यापाशी थांबली. आणि मग धावत सुटली, धाडधाड खाली, मुलं उतरतात तशी. शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून.

खालून राखणदार ओरडला, "कोण आहे रे?"

 मास्तर जिन्याकडे तोंड करून ऐकत होते. आवाज थांबल्यावरही ऐकतच राहिले.

फ्रेमवाल्याने मग काचेला हात लावला. ती अलगद उचलली गेली. चहावरची बशी उचलावी तशी. काच स्वच्छ. चित्र शाबूत, गालासकट. रंग खडखडीत कोरडा. त्याने मध्ये पट्ट्या घातल्या, नवी काच बसवली, चुका मारल्या. काम चोख केलं. मी दुसऱ्या दिवशी पाहून आलो.

कारण रविवारी मीही गेलो होतो. मास्तर बाकावर बसले होते. खिडकीचा उजेड पडला होता आणि काचेत त्याचा ठिपकाही नव्हता. भिंगरी लख्ख दिसत होती. ओठावरची तापाची साल, कपाळाला चिकटलेली बट, सगळं. मी विचारलं, "मास्तर, दिसते का नीट?"

ते डोळे बारीक करून पाहत राहिले. दुसऱ्या कोणा चित्रकाराचं काम पाहावं तसं.

"चित्र बरं जमलंय," ते म्हणाले. "हात जरा चुकलाय." थोड्या वेळाने म्हणाले, "ती नाही हो त्यात."

आणि काठी घेऊन उठले. त्यानंतर ते म्युझियमात कधी आले नाहीत. नजर अजून होती तरी आले नाहीत. रविवार सकाळचे घराच्या पायरीवर बसायचे, गल्लीत पोरं खेळायची तिकडे कान लावून. उन्हाळ्यात दिसायचं थांबलं तेव्हा कुरकुर केली नाही. पुढच्या थंडीत गेले. झोपेत.

राखणदार अजून तिथेच आहे. तो शपथेवर सांगतो, "माझ्या समोरून कोणी गेलं नाही, कुलूप हललंसुद्धा नाही; फक्त पायाला गार वारा लागला." आता तुम्ही म्हणाल, तिघंही म्हातारे, त्यात मोठी रात्र, दिवा एक. म्हणा. मी वाद घालत नाही.

पण म्युझियमात गेलात तर जिना उतरताना उजव्या हाताच्या कठड्याकडे बघा. वरून नका बघू, वाका. मोठ्या माणसाचा हात जिथे पोहोचत नाही इतकं खाली. वरच्या पायरीपासून थेट तळापर्यंत रंगाची एक रेघ गेली आहे, चार बोटं ओढत नेल्यासारखी. बाईंनी ती दोनदा घासून काढली, वर वार्निश मारलं. वार्निशच्या वर ती पुन्हा आली.

मी परवा हात लावून पाहिला.

अजून ओली आहे.