टेबलावर ठेवलेला रिसिव्हर

हे मी बनवून सांगत नाहीये. बनवायचंच असतं तर त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

मंगळवार, १० ऑक्टोबर १९९५. दुपारचे तीन. रात्र नाही, अमावस्या नाही, लाइटसुद्धा गेलेली नव्हती. मीरा रोडला पूनम सागरमध्ये आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. मिस्टर ऑफिसला गेलेले. घरात मी आणि फोन.

आधी थोडं मागचं सांगते.

१९९० मध्ये माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. मी वाचले, पण पुढची दोन वर्षं फार वाईट गेली. जो येईल तो गव्हांकुरांचा रस सुचवायचा, धीर द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. मला भीती वाटते, एवढं ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नव्हता. त्यामुळे परळच्या आमच्या पेशंटांच्या गटातल्या बाईंनी विचारलं, "संपदा, तुझ्याकडे फोन आहे. लांब राहणाऱ्या बायकांशी आठवड्यातून एकदा बोलशील का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

नियम दोनच होते. ऐकून घ्यायचं. आणि सल्ला द्यायचा नाही.

माझ्या यादीत चार बायका होत्या. त्यातली एक सत्यवती. भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातली, वय अडतीस. तिचंही डाव्या बाजूचं ऑपरेशन, नोव्हेंबर चौऱ्याण्णवचं. नवरा धर्मा होडीवर जायचा. मूलबाळ नाही.

तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून तिने पीपी नंबर दिला होता. शेजारच्या हंसाबेनचा. मी फोन लावला की हंसाबेन म्हणायच्या, "चालू रखना हां बेन, बुला के लाती." मग रिसिव्हर टेबलावर ठेवायच्या, दाराला बाहेरून कडी लावायच्या आणि सत्यवतीला आणायला जायच्या. कडी मांजरांसाठी. कोळीवाड्यात मांजरांना तोटा नाही.

ती दोन-तीन मिनिटं मी त्यांचं रिकामं घर ऐकत बसायचे.

घड्याळाची टिकटिक. पंख्याची घरघर.

बाकी काही नाही.

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी सत्यवती रडायला लागली. ऑपरेशननंतर तिचा डावा हात सुजला होता. हॉस्पिटलवाल्यांनी त्या हातातल्या बांगड्या कापून काढल्या, पुन्हा काहीही घट्ट घालायचं नाही म्हणून बजावलं.

"ताई, दोनी हात रिकामे हायेत माझे. तो दर्यावर जातो. मना लय भ्या वाटतं."

त्या दिवशी माझंच अंग दुखत होतं. आधीच्या तिघींचं ऐकून डोकं भणभणलं होतं. खरं सांगते, मला कंटाळा आला होता.

मी म्हटलं, "अगं, मग उजव्या हातात घाल की! त्यात काय एवढं?"

ती हळूच म्हणाली, "ताई, उजवा हात दर्याचा असतो. लग्नात त्या बांगड्या दर्याला देतात. त्यानं आमचा मानूस सांभाळावा म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. दादरला वाढलेल्या मला कुठून माहीत असणार? पण माहीत झाल्यावर तरी गप्प बसायचं होतं. मी बसले नाही.

"सत्यवती, तू मरणाच्या दारातून परत आलीस. आता असलं काही मनात आणू नकोस. उद्याच्या उद्या बांगड्या भरून घे."

पुढच्या मंगळवारी फोनवर तिच्या बांगड्या वाजल्या. हिरव्या भरल्या म्हणाली. चक्क हसली. मी वहीत लिहिलं, पेशंटची तब्येत चांगली. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

आणि मग तो १० ऑक्टोबर.

हंसाबेननी फोन उचलला. "चालू रखना हां बेन." रिसिव्हर टेबलावर ठेवला. कडी लावल्याचा आवाज आला.

टिकटिक. घरघर.

मग... पावलं.

अनवाणी पावलं. जड. ओल्या फरशीवर पाय टाकल्यावर चपचप होतं, तशी.

मला वाटलं, सत्यवती आली. पण कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

रिसिव्हर उचलला गेला.

श्वास... लांब, घशात काहीतरी अडकल्यासारखा.

"हॅलो? सत्यवती?"

"ताई..." पुरुषाचा आवाज होता. घोगरा. "तिला सांगा, बांगड्या काढ."

"कोण बोलतंय?"

"धर्मा."

रिसिव्हर पुन्हा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बस्स.

मी घाबरले वगैरे अजिबात नाही. उलट चिडले. म्हटलं, बायको जरा हसायला लागली, तर नवऱ्याला बघवत नाही.

तेवढ्यात कडी निघाली. चपला वाजल्या. बांगड्या वाजल्या.

"हां ताई, बोला."

"सत्यवती, तुझे मिस्टर आत्ता बोलून गेले माझ्याशी. बांगड्या काढ म्हणाले. तू मुळीच..."

तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"सत्यवती?"

"ताई... तो शनवारपासून दर्यावर हाय."

मागून हंसाबेनचा आवाज आला, "इधर कोई नहीं था बेन, मैं तो कडी लगा के गई थी." आणि लगेच, वैतागून, "अरे, ये टेबल पे पानी किसने गिराया?"

मग फोनमधून काच फुटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा... सत्यवती तिथल्या तिथे हात टेबलावर आपटत होती. मी नुसती ऐकत बसले.

गुरुवारी बाकीच्या होड्या परत आल्या. धर्माची आली नाही. त्याच्याबरोबर आणखी दोघं होते. कुणीच सापडलं नाही.

परळच्या बाई म्हणाल्या, "वादळ होतं संपदा. तुझा काय संबंध?" असेलही. वादळ खरंच होतं, पेपरातही आलं होतं. पण मला बाईंचं पटलं नाही, अजूनही पटत नाही.

वाटलं होतं, सत्यवती आता माझं तोंड पाहणार नाही. ती मात्र पुढच्या मंगळवारी हंसाबेनच्या मागोमाग आली. एका शब्दाने मला बोलली नाही. फक्त विचारलं, "ताई, तो परत काय बोलला का?"

"नाही गं."

हे खोटं होतं.

कारण ती यायच्या आधी... चपचप. श्वास. आणि तोच घोगरा आवाज.

"ताई, तिला धाडा."

दर मंगळवारी तेच. "तिला धाडा." चिडून नाही, धमकावून नाही. दमलेला माणूस घरी आल्यावर पाणी मागतो ना, तसं. पहिल्या महिन्यात मी ओरडले, देवाचं नाव घेतलं, रिसिव्हर कानापासून लांब धरून पाहिला. मग त्यातही दम राहिला नाही. मी नुसतं म्हणायचे, "नाही धाडणार." तो रिसिव्हर ठेवायचा. मग कडी निघायची, सत्यवती यायची आणि विचारायची, "बोलला का?"

"नाही."

तिला फोन करणं बंद करावं असं शंभर वेळा मनात आलं. पण मी फोन केला नाही, तर गटातलं दुसरं कुणीतरी करणार. आणि ती दुसरी बाई निरोप देऊन मोकळी होणार. शिवाय सत्यवती सुधारत होती. हाताची सूज उतरली. पुन्हा मासळी घेऊन बाजारात बसायला लागली. तीन वर्षं मी दर मंगळवारी दोन दमलेल्या माणसांच्या मध्ये उभी राहिले.

नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवमध्ये ती आनंदाने म्हणाली, "ताई, घरी फोन आला माझ्या. नंबर लिवून घ्या. आता हंसाबेनला तरास न्हाय."

आता फोन थेट तीच उचलणार होती.

पुढच्या मंगळवारी तीन वाजता फिरवला. एंगेज. सव्वातीनला एंगेज. चारला, साडेचारला... एंगेज.

सहा वाजता लागला.

"कुणाशी बोलत होतीस गं इतका वेळ?" मी विचारलं.

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तीन वरसं माझ्याशी खोटं का बोललात?"

मी रडायला लागले. आठ वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटरमध्ये नेतानाही मी अशी रडले नव्हते.

उलट तीच मला समजवायला लागली. "रडू नका. मना म्हाईत हाय तुम्ही का न्हाय सांगितलं. तो म्हनतो, चल. मी म्हनलं, थांब जरा. जानेवारीत चेकअप हाय. डॉक्टरनी बोलावलंय, जायला पायजेल."

"मग? तो काय म्हणाला?"

"थांबतो म्हनाला."

जानेवारीनंतर मेचं चेकअप होतं. मेनंतर नोव्हेंबरचं. मी हॉस्पिटलमध्ये ओळख काढून डॉक्टरांना भेटले. म्हटलं, तिला तीन-तीन महिन्यांनी बोलवा. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाले, "बाई, उगाच कशाला बोलवायचं? पेशंट उत्तम आहे."

आज डिसेंबर नव्याण्णव. मागच्या मंगळवारी सत्यवतीचा फोन आला. पहिल्यांदाच तिने स्वतःहून केला होता.

"ताई, पाच वरसं झाली. डॉक्टर म्हनाले, तू पूर्न बरी झालीस. आता परत यायची गरज न्हाय."

गटातल्या सगळ्याजणी टाळ्या वाजवतात ही बातमी ऐकून. पेढे वाटतात. मीही वाटले होते.

"सत्यवती," मी म्हटलं, "तू त्याला हे सांगितलंस का?"

"अजून न्हाय," ती म्हणाली. "पन ताई, मना खोटं बोलता येत न्हाय."